पाणी म्हणजे किती फूट?

"पाणी," फोन म्हणाला.

आईनं ठसका लागू नये म्हणून पावडर घालून घट्ट केलेलं पाणी चमच्यातून अण्णांच्या, वाचा गेलेल्या माझ्या वडिलांच्या, ओठांपाशी नेलं. त्यांनी डोळे मिटून धरले. आमच्या घरात तेव्हा पापणी एकदा लवली की हो आणि मिटून धरली की नाही, असा ठराव होता. चमचा परत वाटीत गेला. मिनिटभरानं फोन पुन्हा म्हणाला, "पाणी." परत चमचा, परत नाही. असं पाच वेळा झालं. आई रडकुंडीला आली. मला वाटलं कॅमेरा चुकतोय, म्हणून मी फोनचा स्टँड खालीवर करत बसलो.

ही २०२४ च्या जुलैतली गोष्ट. बाहेर चार दिवस पाऊस थांबलेला नव्हता. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हाची रेघ आमच्या सोप्याच्या भिंतीवर अजून आहे. रंग दिला तेव्हा अण्णांनीच ती बुजवू दिली नव्हती. त्या दिवशी त्यांची नजर फोनवरून त्या रेघेवर, रेघेवरून माझ्यावर फिरतेय हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"अण्णा, आयर्विनला किती झालं विचारताय?"

पापणी लवली.

"छत्तीस. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. अजून वेळ आहे."

त्यांनी डोळे मिटले, पण ते नाही म्हणणारं मिटणं नव्हतं. नुसतं टेकणं होतं. थोड्या वेळानं परत फोनकडं बघायला लागले आणि बघतच राहिले. त्यांना कोयना धरणातून किती पाणी सोडलंय ते विचारायचं असणार. फोनवर मी नजरेनं निवडायची आठ वाक्यं भरली होती: पाणी, पाठ, पंखा, लघवी, झोप, टीव्ही, बरं वाटत नाही, आईला बोलव. त्यात कोयना कुठून असणार? पस्तीस वर्षं हळदीच्या अडतीत दिवाणजी असलेल्या माणसाला काय काय विचारावंसं वाटेल, ते मी आठ ओळींत ठरवून टाकलं होतं.

थोडं मागं जातो. २०२२ मध्ये अण्णांची जीभ जड झाली. मार्केट यार्डात लोक म्हणायला लागले, दिवाणजी सकाळी सकाळी घेऊन येतात की काय. मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टनी तपासण्या करून सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. हालचालीचे आदेश स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जातात, बरं करणारं औषध नाही, रिल्युझोलच्या गोळीनं वेग थोडा कमी होतो. निघताना त्यांनी एक वाक्य सहज म्हणावं तसं म्हटलं: डोळे हलवणारे स्नायू बहुतेकांचे शेवटपर्यंत टिकतात. आईला बाकीचं सगळं ऐकू आलं, मला ते एकच.

बोलणं गेलं तेव्हा अण्णा पाटीवर लिहायचे. अक्षर वळणदार, कीर्दीतल्यासारखं. २०२३ ची दिवाळी झाली आणि पेन्सिलही धरवेना. मग सुरू झाला प्रश्नांचा तास. पाठ दुखते? नाही. पाय? नाही. पंखा? नाही. डास? नाही. विसाव्या प्रश्नाला आपलाच आवाज चढतो आणि समोरचा माणूस डोळे मिटून घेतो. ते मिटणं 'नाही'चं की कंटाळ्याचं, ते कळत नाही.

मी सीसीटीव्ही बसवतो. कॅमेरा माझ्या हातातला, त्यामुळं मला वाटलं होतं हे काम आपल्याला सोपं जाईल. हा गर्व पहिल्या महिन्यात उतरला.

पहिलं साधन फुकट मिळालं. गूगलचं 'लुक टू स्पीक', २०२० च्या डिसेंबरात आलेलं. फोनचा पुढचा कॅमेरा डोळा डावीकडं, उजवीकडं की वर गेला एवढंच बघतो. वाक्यांचे दोन गट करायचे, नजर ज्या बाजूला जाईल तो गट उरतो, त्याचे परत दोन. आठातलं एक निवडायला तीन नजरा. जेवढं सांगतं तेवढं नीट करतं, त्याला नावं ठेवणार नाही. पण पाण्याच्या त्या दिवसानंतर वाक्यं वाढवून भागणार नाही हे दिसलं. अक्षरं हवी होती.

म्हणून आधी विनाविजेचा उपाय केला. नंबर प्लेट करणाऱ्याकडून पारदर्शक ॲक्रिलिकचा दीड बाय एक फुटाचा तक्ता कापून आणला, त्यावर अक्षरं चिकटवली, मध्ये भोक पाडलं. एकानं तक्ता दोघांच्या मध्ये धरायचा, अण्णांनी अक्षराकडं बघायचं, भोकातून आपण त्यांच्या डोळ्याकडं बघायचं. हे जगभर चालतं आणि चांगलं चालतं. अडचण एवढीच की तक्ता धरायला माणूस लागतो आणि अण्णांना काय म्हणायचंय ते त्या माणसाला सोडून दुसऱ्याला सांगता येत नाही. आईबद्दलची तक्रार आईनं धरलेल्या तक्त्यावर कशी करणार?

आक्काचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याला आम्ही बंड्या म्हणतो. तो शनिवारी लॅपटॉप घेऊन आला. ब्राउन विद्यापीठात बनलेलं वेबगेझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यानं उघडलं. साध्या वेबकॅमवर चालतं आणि आपण जिथं क्लिक करू तिथंच बघत असणार, असं धरून शिकत जातं. कल्पना झकास. फक्त अण्णांना क्लिक करता येत नाही. मग मी माउस फिरवायचा, अण्णांनी बाणाकडं बघायचं, मी क्लिक करायचं. पन्नास क्लिक झाल्यावर ठिपका त्यांच्या नजरेमागं फिरायला लागला, पण खंडोबाच्या जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. 'क' बघितलं की ठिपका 'ग' वर, तिथून 'त' वर.

बंड्या म्हणाला, "मामा, सॉफ्टवेअर चांगलंय, कॅमेरा भिकार आहे."

हे मात्र माझ्या धंद्यातलं होतं. रात्री बसून हिशेब केला. लॅपटॉपचा कॅमेरा दोन फुटांवरून साधारण सत्तर सेंटिमीटर रुंदीचं चित्र घेतो आणि ते १२८० पिक्सेलमध्ये बसवतो. म्हणजे मिलिमीटरला दोन पिक्सेलही येत नाहीत. माणसाचं बुबुळ जवळजवळ सगळ्यांचं सारखं, पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास. चित्रात ते उतरणार वीस-एकवीस पिक्सेल. आता नजर एक अंश सरकली तर पडद्यावर सुमारे एक सेंटिमीटर पुढं जाते, पण डोळ्यात बाहुली सरकते जेमतेम ०.२ मिलिमीटर. पिक्सेलचा निम्मा भागही नाही! गिऱ्हाईक गेटवरच्या स्वस्त कॅमेऱ्यात रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर दिसत नाही म्हणून भांडतं, तेव्हा मी जे उत्तर देतो तेच इथं मला मिळालं: जिथं पिक्सेलच नाही तिथं झूम कशाला करायचा?

दुकानात यूएसबीचा फुल एचडी कॅमेरा बोर्ड पडून होता, त्याला लेन्स बदलता येते. बारा एमएमची लावली. डोळा असा भरला की पापणीचे केस मोजून घ्यावेत. पण प्रोग्रॅम म्हणाला, चेहरा सापडत नाही. हनुवटी आणि कपाळ कापलं गेलं होतं आणि त्याला आधी पूर्ण चेहरा लागतो, मग तो डोळ्यावर येतो. आठ एमएमची लावली, तरी आडव्या चित्रात कपाळ जायचं. शेवटी कॅमेरा नव्वद अंशात उभा केला, आम्ही लांबड्या बोळात करतो तसा. चेहरा मापात बसला आणि बुबुळ वीसवरून साठ पिक्सेलवर गेलं. ही माझी या सगळ्यातली एकुलती एक कमाल.

अरुंद लेन्सचा तोटा म्हणजे माणूस जरा हलला की चौकटीबाहेर. अण्णांची मान उशांमध्ये बसवलेली, ती हलत नाही. बंड्या बोलून गेला, "आजोबा एकदम आयडियल युजर आहेत," आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. अण्णांनी पापणी लवली. त्यांना ते पटलं होतं.

दुसरी दुरुस्ती जागेची. लॅपटॉपचा कॅमेरा पडद्याच्या वर असतो. वयस्कर माणसाची वरची पापणी आधीच उतरलेली, त्यात त्यांनी पडद्याच्या खालच्या भागाकडं बघितलं की वरून बुबुळ झाकूनच जातं आणि यंत्राला वाटतं झोपले. कॅमेरा पडद्याखाली आणून वर बघता केला. तयार मिळणारे आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारी यंत्रं, तीही खालीच लावतात, हे नंतर कळलं. तिसरी दुरुस्ती खिडकीची. चष्म्यात खिडकी चमकायची. चष्मा काढला तर पडदा दिसेना. खाटच फिरवली, सकाळचं ऊन डोक्यामागून यायला लागलं तर चेहरा काळा पडला, मग परत अर्धी फिरवली. शेवटी फरशीवर चार पायांच्या खुणा रंगानं करून ठेवल्या. त्या खुणांवरून खाट दोन बोटं सरकली तरी पडद्यावरच्या पाच ठिपक्यांकडं एकेक करून बघायची जुळणी परत करावी लागते. ठिपका बंड्यानं पिवळा ठेवलाय, राजापुरी हळदीचा.

एक चूक सांगितली पाहिजे, कारण माझ्यासारख्या कुणालाही ती सुचेल. सीसीटीव्ही रात्री इन्फ्रारेडवर बघतो. मला वाटलं, आयआरचे एलईडी अण्णांच्या चेहऱ्यासमोर लावले की उजेडाची कटकटच मिटली. लावायच्या आधी नशिबानं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मला उभं-आडवं घेतलं. तो प्रकाश दिसत नाही म्हणून डोळा मिटत नाही, बाहुली आक्रसत नाही, आणि हे उन्हाकडं बघण्याइतकंसुद्धा डोळ्याला कळत नाही. वीस मीटरवरचा चोर दिसावा म्हणून केलेला दिवा फुटभरावरून तासन् तास डोळ्यात मारायचा नसतो. विकत मिळणाऱ्या ट्रॅकरमध्ये आयआरच असतं, पण किती तेज चालेल ते मोजून-मापून. घरी जोडाजोड करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

तसला खरा ट्रॅकर चार दिवस आमच्याकडं होता. एका ओळखीच्या घरातला, त्यांना आता तो लागत नव्हता. यापुढं मी काही विचारलं नाही. त्यात आणि आमच्या खटपटीत फरक का पडतो ते तेव्हा कळलं. त्याचा इन्फ्रारेड उजेड बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर एक बारीक चमक पाडतो. डोकं हललं तर चमक आणि बाहुली दोन्ही मिळून सरकतात. डोळा फिरला तर बाहुली जाते, चमक जवळपास तिथंच राहते. या दोन बिंदूंमधलं अंतर मोजायचं. आमच्या कॅमेऱ्याकडं धरायला असा खुंटाच नाही. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूनंतरची लेन्स आहे, ती जास्तीची चमक दाखवायची, म्हणून एकट्या डाव्या डोळ्यावर चालवला. तरी बारीक अक्षरं भराभर धरायचा. परत करताना वाईट वाटलं. पैसे असते तर तसलाच घेतला असता, खोटं कशाला बोलू. एका विक्रेत्यानं फोनवर पूर्ण संचाची किंमत लाखांत सांगितली आणि नुसतं दाखवायला यायचे पैसे आगाऊ मागितले. तो विषय तिथं संपला. २०२४ च्या सप्टेंबरपासून आयफोनमध्येही ही सोय आली, नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर. एका गिऱ्हाइकाचा फोन मागून बघितलं, दीड फुटावर स्थिर ठेवला तर ठीक चालतं. पण गिऱ्हाईक फोन परत मागतं.

मग आपल्याकडं आहे त्यात काय बसतं ते बघितलं. आमच्या जोडणीत नजर तीन-चार सेंटिमीटर इकडंतिकडं चुकते. पडदा चौतीस सेंटिमीटर रुंद. तीन खाने वर, तीन खाली, मध्ये मोकळी पट्टी. प्रत्येक खाना अकरा सेंटिमीटर रुंद, म्हणजे आडवं चार चुकलं तरी खान्यातच. मधल्या पट्टीवर काही घडत नाही. ती हवीच, कारण डोळा हात नाही. हात मांडीवर ठेवता येतो, डोळा उघडा असला की कुठंतरी बघतच असतो, आणि यंत्र प्रत्येक बघण्याला हुकूम समजलं तर माणूस वेडा होईल. खान्यावर १.४ सेकंद नजर टिकली तरच निवड. संध्याकाळी पापण्या जड होतात तेव्हा दोन सेकंद.

सहा खान्यांत मराठी बसवायची कशी? बंड्या जास्त वापरली जाणारी अक्षरं मोजायला निघाला होता. आई शेंगा निवडत बसली होती. तिनं तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवलाय. ती म्हणाली, "अरे, वर्ग पाडूनच दिलेत की. क, च, ट, त, प. पहिली नजर वर्गाला, दुसरी अक्षराला."

"आणि ङ, ञ कशाला फुकट जागा अडवतात?" मी म्हणालो.

"मग काढ त्यांना. ङ च्या जागी ह घे, तोही कंठातलाच. अ पण कंठातला. अ, क, ख, ग, घ, ह, झाले सहा. च मध्ये स आणि य घाल. ळ टाक ट कडं, ल त कडं, व प कडं, ओठाचा आहे तो."

श आणि ष चं काय, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत पहिलीत. सहाव्या खान्यात र राहिला, शिवाय जागा सोड, खोड, आकडे, बोल, थांब. शोधावं लागतच नाही, कारण वर्णमाला अण्णांच्या तोंडात सत्तर वर्षं आहे. बंड्याच्या मोजणीपेक्षा ते लवकर सापडतं. त्यानं ते मान्य करायला दोन दिवस घेतले.

अडलं ते काना-मात्र्यांपाशी. मात्रा सहापेक्षा जास्त, दोन पानं करावी लागली, आणि 'पाणी' एवढ्या शब्दाला आठ नजरा. अण्णा दमायचे. एका दुपारी त्यांनी बऱ्याच वेळात चार नजरा म ला, चार ड ला दिल्या आणि थांबले. लिहिलेलं बोलायचं काम फोनकडंच ठेवलं होतं; तो म्हणाला, "मोडी."

आम्हाला वाटलं काहीतरी मोडलंय. पलंग, पंखा, सगळं तपासून झालं. आईच्या डोक्यात आधी प्रकाश पडला. अडतीतल्या जुन्या वह्या मोडीत होत्या आणि अण्णा लागले तेव्हाच्या म्हाताऱ्या दिवाणजींनी त्यांना ती शिकवली होती. मोडीत र्‍हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत. एक वेलांटी, एक उकार. म्हणजे काना, वेलांटी, उकार, एक मात्रा, काना-मात्रा आणि अनुस्वार. मोजले तर बरोबर सहा! मात्रा नको असेल तर, हा एकच अपवाद, मधल्या पट्टीकडं बघायचं. जोडाक्षराचा विचारच सोडला. 'कृष्णा' ते 'करसना' लिहितात, फोनचा मराठी आवाज ते ऐकवत नाही असं वाचतो, आणि आम्हाला कळतं.

आता सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न सौद्याचा. काल क्विंटलला काय निघाला. दुसरा आक्काच्या गुडघ्याचा. अंघोळीच्या वेळी 'कॅमेरा झाक' हे त्यांनी स्वतः सांगितलं. चित्र लॅपटॉपबाहेर जात नाही हे मी गिऱ्हाइकाला पटवतो तसं त्यांनाही पटवलं होतं, तरी लेन्सवर बाटलीचं टोपण बसतंच. एखादा दिवस काहीच जुळत नाही. डोळे कोरडे पडतात, पापणी लटकते, मी चिडतो, ते 'थांब' दाबतात. लाईट गेली की ॲक्रिलिकचा तक्ता निघतो, त्यावरही आता आईचेच सहा वर्ग आहेत.

गेल्या महिन्यात दुपारभर खपून त्यांनी एक वाक्य लिहिलं: "दुकानात काटा दीसत नाही."

मला लागेना. कुठलं दुकान, कुठला काटा? मग ते एकेक अक्षर करत उलगडत गेलं. २०११ साली मी धंद्यातला पहिला कॅमेरा त्यांच्या अडतीत बसवला होता. दार आणि गल्ला दिसत होता. वजनाचा काटा खांबाआड गेला होता. हमालांना माहीत होतं, तोलाईदाराला माहीत होतं, मालकाला आणि मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

बराच वेळ लागला. "पहीलं काम होतं तुजं."

आई उठून आत गेली. मी यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी मालकाकडून किल्ली घेतली, शिडी लावली, खांबाच्या अलीकडं नवा कॅमेरा बसवला. बिल केलं नाही. चित्र फोनवर घेऊन घरी आलो आणि अण्णांच्या समोर धरलं. त्यांनी ते डाव्या डोळ्यानं नीट निरखलं, हळकुंड मोडून बघावं तसं. मग नजर पडद्यावर गेली. क, ख, तिथून काना, असं करत करत फोन म्हणाला, "खाली घे."

परवा परत शिडी.